तेलेसियाची जीभ

तेलेसियाच्या जिभेला हाड नाही, हे तिची आईच चारचौघांत सांगायची, आणि सांगताना थोडी खूशही व्हायची. बेटांवरून मांगेरेत येऊन वसलेल्या आमच्या वस्तीत तिच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. विमानातली पांघरुणं धुणाऱ्या लॉन्ड्रीत ती कामाला होती. तिथला मुकादम तिला रजा देताना कारण विचारत नसे, कारण कारण सांगता सांगता ती त्याच्या नव्या केशरचनेवर घसरणार हे त्याला ठाऊक होतं. पण बाई मनाने निर्मळ. कोणाच्या घरी मयत झाली की सगळ्यात आधी पातेलं घेऊन हजर होणार ती हीच.

जाळीच्या पिंजऱ्यात माणसं लढतात त्या झुंजींचा नाद तिला पन्नाशीनंतर लागला. बहिणीचा मुलगा मलाकी त्या खेळात शिरला, तेव्हा पोराला कोणी जिवानिशी मारू नये यावर लक्ष ठेवायला ती पहिल्यांदा हॉलमध्ये गेली. डोळ्यांवर हात ठेवून बसली होती म्हणे. पुढे बोटांच्या फटी रुंदावल्या, आणि वर्षभरात कोण कोणाशी लढणार, कोणाचा करार संपला, कोणाचं वजन उतरत नाही, हे तिला पाद्रीबुवांच्या प्रवचनापेक्षा जास्त पाठ झालं.

अमेरिकेतल्या मोठ्या लढती आमच्याकडे रविवारी दुपारी दिसतात, म्हणजे नेमकं चर्च सुटतं तेव्हा. तेलेसियाच्या गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिली नाही. तिथे जुने सोफे, सतरंज्या आणि भिंतभर टीव्ही. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, डुकराचं मटण आणि शेवयांची मोठी परात मध्ये ठेवायची आणि मंडळींनी चर्चच्या पांढऱ्या कपड्यांतच फतकल मारायची. प्रार्थनेच्या वेळी फोन बंद ठेवायचा आणि आधी निकाल कळला तरी तोंड उघडायचं नाही, असा दंडक होता. बस चालवणाऱ्या केनेटीने एकदा चर्चमध्ये मागच्या बाकावर चोरून फोन पाहिला आणि ऐन स्तोत्रात असा सुस्कारा टाकला की गॅरेजच्या अख्ख्या मंडळींना चँपियन हरल्याचं कळलं. त्या दुपारी त्याने ताट अंगणात बसून खाल्लं.

तेलेसियाचा नवरा आपेलू या दरबारात कधी आला नाही. तो घराण्याचा मुखिया, चर्चमधला वडीलधारा, शांत माणूस. झुंजींच्या दिवशी तो मागच्या वाफ्यातल्या अळूला माती लावत बसे. आतून हसण्याचा फवारा उडाला की मान वर करी आणि पुन्हा खाली घाली.

फवारे तर उडणारच. कुंपणाला पाठ लावून उभ्या राहिलेल्या एका नामांकित लढवय्याला तिने विचारलं होतं, "काय रे, बस यायची आहे का?" नुसताच गोल गोल फिरणाऱ्या दुसऱ्याबद्दल म्हणाली, "हा मारायला आलाय की घर बघायला?" भाचीने असले तुकडे फोनवर टिपून जगापुढे टाकले, आणि बघता बघता सिडनीपासून आमच्या मूळ बेटावरच्या आपियापर्यंत लोक तिला मावशी म्हणू लागले.

मग एक दिवस केकचा खोका घेऊन डॅरेन आला. आमच्या भागात लहानमोठ्या लढती भरवणारा तोच. मलाकीची लढत शेजारच्या ओतारा वस्तीतल्या सोलोमोनाशी ठरली होती. दोन्ही आपलीच पोरं, दोन्ही तयारीची, पण तिकिटं उठत नव्हती. मावशींनी चार शब्द बोलावेत, एवढंच त्याचं म्हणणं. तेलेसिया म्हणाली की ती तर फुकटही बोलते. कॅमेरा लागला. सोलोमोनाची जुनी लढत टीव्हीवर लावली. पोरगा चपळ होता, पण हात सारखे कमरेपाशी उतरत होते आणि चेहरा उघडा पडत होता. तेलेसियाने पाहिलं, शेवयांचा घास गिळला आणि म्हणाली, "हात बघा किती खाली. रस्ता ओलांडायला आईचा हात शोधतोय बिचारा."

गॅरेज लोळण घेऊन हसलं. कॅमेरावालासुद्धा हसला. आठवडाभरात ते वाक्य बसस्टॉपवर, पेट्रोल पंपावर, मटणाच्या दुकानावर झळकलं. एका बाजूला मान खाली घातलेला सोलोमोना, दुसऱ्या बाजूला हसरी तेलेसिया, आणि मध्ये वीतभर अक्षरांत तिचे शब्द. तिने त्या पोस्टरचा फोटो आपियातल्या चुलत्यांनासुद्धा पाठवला. आपेलूने ते पोस्टर पंपावर वाचलं, पेट्रोल भरलं आणि गाडी घरी आणली.

पुढच्या रविवारी गॅरेजमध्ये अमेरिकेपेक्षा ओताराचीच चर्चा जास्त. केनेटीने बातमी आणली होती की पत्रकारांसमोर दोघांना बसवलं तेव्हा सोलोमोनाला त्या वाक्याबद्दल विचारलं, आणि तो एक शब्द न बोलता उठून गेला. मंडळी खूश झाली. कोणी म्हणालं, बरं झालं, आता हॉल भरणार. कोणी म्हणालं, हे सगळं ठरवून असतं, डॅरेननेच उठायला सांगितलं असेल. आजकाल जाहिरात कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो हे कोणाला कळतंय, असा सूर लागला. दोन तट पडले आणि खरा राग की खोटा यावर पैजा लागायच्या बेतात होत्या. केनेटी फोनवर खाली खाली वाचत होता. तो वाचता वाचता थांबला.

"अगं तेलेसिया," तो म्हणाला, "त्याची आई मार्चमध्ये वारली."

टीव्हीवर कोणीतरी कोणाला तरी धोपटत होतं. कोणीतरी उठून तो बंद केला. तेलेसियाच्या हातात परात होती. ती तिने सतरंजीवर ठेवली, आणि ठेवायची कुठे होती हेच विसरल्यासारखी पुन्हा उचलली.

तिने तिथल्या तिथे डॅरेनला फोन लावला. तिला वाटलं होतं, हे ऐकून तो हबकेल. पण त्याला ठाऊक होतं. सोलोमोनाने मार्चमधली लढत त्याच कारणाने सोडली होती, आणि ती भरवणारा डॅरेनच होता. "मावशी, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "वाद पेटला की हॉल भरतो. मलाकीचंच नाव होतंय ना?" पोस्टर उतरव म्हणाली तर तो हसला. तेलेसियाने त्याला शिव्या घातल्या नाहीत. फोन ठेवला आणि मागच्या दाराने वाफ्याकडे गेली.

आपेलूने सगळं ऐकून घेतलं. ती वाट पाहत होती की हा आता म्हणेल, मी सांगत होतो. इतक्या वर्षांत त्याने तो शब्द खर्चला नव्हता, आज खर्चला असता तर तिला बरंच वाटलं असतं. तो हाताची माती झटकत उठला.

"आईने विणलेली चटई कुठे ठेवलीस?" त्याने विचारलं.

तेलेसियाला कळलं. आमच्यात एका घराने दुसऱ्या घराचा मोठा अपराध केला, तर मुखियाने त्यांच्या दारात जाऊन डोक्यावर घराण्याची चटई घेऊन बसायचं. त्याला इफोगा म्हणतात. त्या घराने चटई उचलली तर माफी मिळाली. नाही उचलली तर बसून राहायचं, आणि त्यांनी काय करावं हे त्यांच्यावर सोडायचं. रक्त सांडलं तर हे करतात. एका वाक्यासाठी कोणी केल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

बहीण भांडायला आली. लढत तोंडावर, आणि तुम्ही समोरच्याच्या दारात गुडघे टेकणार, माझ्या पोराचा पचका करणार, असं तिचं म्हणणं. मलाकी मात्र मीही येतो म्हणाला. तेलेसियाने त्याला अडवलं. "तू नाही यायचं. ठोसे तुझे, तोंड माझं." मग चटईखाली कोण बसणार यावर वाद झाला, कारण ती जागा मुखियाची. तेलेसियाने हट्ट धरला. नातेवाईक रीत सांगू लागले, तेव्हा आपेलूने एवढंच म्हटलं की चटई मोठी आहे.

पहाटे ते ओताराला पोचले. फिलिपोचं घर साधं, पुढे गवत, एका कोपऱ्यात सोलोमोनाचं ठोशांच्या सरावाचं पोतं टांगलेलं. फिलिपो म्हणजे सोलोमोनाचा बाप. आपेलू आणि तेलेसिया दवाने ओल्या गवतात मांडी घालून बसले आणि केनेटीने दोघांच्या डोक्यावरून चटई सोडली. मागे गॅरेजमधले आठ-दहा जण माना खाली घालून बसले. आत दिवा लागला. पडदा सरकल्याचा आवाज आला. कोणी बाहेर आलं नाही, आणि येऊही नये लगेच, ते बरोबरच होतं.

केतकीच्या पानांची ती वीण इतकी बारीक की आत फक्त पिवळसर उजेड येत होता. तेलेसिया मनात प्रार्थना म्हणू लागली. इतक्यात रस्त्यावर गाडी थांबली, दारं वाजली आणि तिला डॅरेनचा आवाज ऐकू आला.

"अरे वा, काय दिसतंय हे! घर पण येऊ दे मागे. चटईच्या जवळ जा."

चाहत्यांच्या कोणत्यातरी ग्रुपवर बातमी फुटली होती. घरातली खिडकी धाडकन बंद झाली. आतल्या लोकांना आता काय वाटणार, ते तेलेसियाला दिसल्यासारखं कळत होतं. आधी आमच्या मेलेल्या बाईवर जाहिरात केली, आता माफीची पण जाहिरात करतायत. उठून डॅरेनचा कॅमेरा गवतात आपटावा, तर इफोगा मोडला. आपण होऊन चटई काढायची नसते, बोलायचंही नसतं. बसून राहावं, तर हा सगळा तमाशा. इकडे आड, तिकडे विहीर. तिने गुडघा उचललाच होता. आपेलूने चटईखालीच त्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

ती बसली. कॅमेरा तिच्याभोवती फिरत होता हे तिला पावलांवरून कळत होतं. डॅरेन कोणाला तरी सांगत होता की लढतीच्या आधी हे टाकलं तर आग लागेल. आयुष्यात पहिल्यांदा तेलेसियाला उत्तर सुचलं होतं आणि देता येत नव्हतं. झोपेतसुद्धा ही बाई इतका वेळ गप्प राहिलेली नाही, याला आपेलू साक्षीदार आहे. चटईखाली ती रडत होती, पण आवाज होऊ नये म्हणून ओठ चावून.

शेवटी डॅरेन म्हणाला, "मिळालं, बस झालं." दारं वाजली आणि गाडी निघून गेली.

तरी हे लोक बसूनच राहिले. ऊन चढलं. शाळेची मुलं कुंपणाशी थांबून पुढे गेली. शेजारचं कुत्रं येऊन सगळ्यांना हुंगून गेलं. आपेलूचा गुडघा आधीच दुखरा, तो थरथरू लागला होता. तेलेसियाला वाटलं की आता दार उघडणारच नाही, आणि नाही उघडलं तर तेही बरोबरच आहे. ज्याची बायको गेली त्याने का उघडावं? मग ती नुसती बसून राहिली.

दार उघडलं तेव्हा तिला ते आधी कळलंच नाही. पावलं गवतातून आली आणि चटई उचलली गेली. उजेडाने दोघांचे डोळे मिटले. समोर फिलिपो उभा होता, हडकुळा माणूस, दाढी वाढलेली. दारात सोलोमोना होता. तो पुढे आला नाही, आणि त्याने यावं असं कोणी म्हटलंही नाही. आपेलूने रीतीप्रमाणे अपराध आपल्या घराण्याच्या माथी घेतला. फिलिपोने रीतीप्रमाणे तो उतरवला. शब्द जुनेच होते, पण दोघेही अडखळत बोलले. मग फिलिपो तेलेसियासमोर गवतात उकिडवा बसला.

"तो कॅमेरा गेला तेव्हा वाटलं, आता तुम्ही पण उठाल," तो म्हणाला.

तेलेसियाने नकारार्थी मान हलवली.

"तुमचं ते मी बसस्टॉपवर वाचलं. पोराचा फोटो दिसला म्हणून थांबलो." तो गवताची पाती उपटत होता. "आणि हसलो. खरंच तसेच असतात त्याचे हात. त्याची आई, सिनीवा, तुमचे व्हिडिओ दवाखान्यात बघायची, नर्सला पण दाखवायची. मी हसलो आणि फोन काढला. म्हटलं, हे तिला पाठवू. फोनमध्ये तिचं नाव काढलं, आणि मग आठवलं."

त्याचा राग त्या क्षणाचा होता, आणि तो कोणावर काढायचा हे त्याला इतके दिवस सापडत नव्हतं, हे तेलेसियाला न सांगता समजलं. कोणालाही दोन शब्दांत गार करणारी ती बाई तोंड उघडायला गेली आणि तिच्यातून एकच हुंदका फुटला, मोठा, तिच्या हसण्याइतकाच मोठा. फिलिपो तिच्या शेजारी गवतातच टेकला आणि तोही रडू लागला. बायको गेल्यापासून तो पहिल्यांदाच लोकांसमोर रडत होता, असं सोलोमोनाने नंतर सांगितलं.

आतून कोणीतरी विचारलं, चहा किती जणांचा टाकू.

फिलिपोने बाहीने नाक पुसलं. "बाहेर बसलेत त्या सगळ्यांचा," तो म्हणाला.