बिराप्पानं धरलेली साखळी

"सायेब, हे कुत्र्याचं काम न्हाय. लांडग्याचं बी न्हाय," बिराप्पा म्हणाला. "हे चाकाचं काम हाय."

समोर गवतात हरणी मरून पडली होती. गाभण होती. मागच्या मांडीत छर्रे घुसले होते, पण जीव त्यांनी गेला नव्हता. धावून धावून छाती फुटली होती. तिच्या मागं गवत दोन सरळ पट्ट्यांत दडपलं गेलं होतं. बैलगाडीची चाकोरी अशी सरळ जात नाही. बैल दगड बघतो, खड्डा बघतो, वळसा घेतो. मोटारीला त्याची गरज पडत नाही.

"न्यायची बी न्हवती त्यास्नी," बिराप्पा म्हणाला. "मारली आन् टाकून गेले."

मी त्या काळी एका जहागीरदारांच्या शिकारखान्यात सुपरिंटेंडेंट होतो. शिकारखाना म्हणजे बंदुका, कुत्री, हाके घालणारी माणसं आणि शिकारीसाठी राखलेलं रान, या सगळ्याचा कारभार. आमचं रान म्हणजे जंगल नव्हे. सोलापूरच्या दक्षिणेला, सीना ओलांडली की लागणारा उघडा माळ. कुसळी गवत, मधूनमधून बाभळी, एक तळं. झाडाची सावली शोधावी लागे. पण काळविटांचे कळप असे असायचे की पहाटे माळ हलतोय असं वाटे.

माझं निम्मं काम शिकारीचं आणि निम्मं चोरांचं. चोर म्हणजे परवानगीशिवाय आत येणारा कोणीही. गवत कापणाऱ्या बायका, मेंढरं घुसवणारे धनगर, तळ्यावर घागर भरायला येणारे, आणि फासे लावणारे. फासा म्हणजे घोड्याच्या केसांची किंवा आतड्याच्या तातीची सरकती गाठ. खुंटीला बांधून जनावराच्या वाटेवर लावतात. या सगळ्यांचं काय करायचं ते ठरलेलं होतं. फासे जप्त करायचे, माणूस पाटलाकडं न्यायचा, पहिल्या वेळी समज, पुढं दंड. मोटारीचं काय करायचं, ते मात्र कुठंच ठरलेलं नव्हतं. नियम झाले तेव्हा माळावर मोटार येईल, असं कोणाच्या मनातही नव्हतं.

बिराप्पा माझा सगळ्यात भरवशाचा रखवालदार. जातीनं धनगर. घरात कानडी, बाहेर मराठी. माळ राखीव होण्याआधी त्याच्या बापाची मेंढरं याच गवतावर चरत. एकदा मी त्याला विचारलं होतं, "तुला राग येत नाही?"

"येतो की," तो म्हणाला. "पर दुसरा कुणी रखवालदार झाला असता तर त्यानं आमच्या मान्सांस्नी मारलं असतं. मी नुसता ओरडतो."

खरंच तो नुसता ओरडायचा. गुंडाप्पा नावाचा एक म्हातारा तित्तरांना फासे लावायचा. बिराप्पा त्याला धरायचा, शिव्या द्यायचा, फासे काढून घ्यायचा, आणि आठवड्यानं तोच म्हातारा पुन्हा सापडायचा. मी तक्रार केली तर म्हणे, "सायेब, दोन तित्तरांनी माळ वस पडत न्हाय."

मोटारीनं मात्र तो अस्वस्थ झाला. त्याला कारण होतं. काळविटाची एक खोड असते. मागं काही लागलं की ते सरळ पळून जात नाही. बरोबरीनं धावतं, आणि मग पुढून आडवं जायला बघतं. घोड्यावरच्या माणसाला हा क्षण साधत नाही, लांडग्याला क्वचित साधतो. मोटारीत बसलेल्याला काहीच करावं लागत नाही. गाडी चालू ठेवायची, जनावर आपोआप बंदुकीसमोर येतं. कळपात नर कोण, गाभण कोण, हे बघायला वेळ नसतो. आमच्या रानात फक्त काळ्या पाठीचा, पुऱ्या शिंगांचा नर मारायचा, असा नियम होता. या लोकांनी माद्या मारल्या होत्या.

त्यात एक अडचण होती. जहागिरीच्या चारी बाजूंना इंग्रजी मुलूख. मोटार एकदा मोठ्या रस्त्याला लागली की आमचा अधिकार संपला. पायी चोराला आम्ही गाठत होतो. मोटारीची नुसती धूळ दिसायची.

मी मॅनेजरसाहेबांकडं गेलो. जहागिरीचा सगळा कारभार त्यांच्याकडं होता.

"रानात शिरायला गाडीवाटा तीन आहेत," मी म्हणालो. "दोन वाटांवर चर खणू. तिसरीवर साखळी लावू, आणि तिथं माणूस बसवू."

"आणि पाहुण्यांच्या गाड्या?"

"परमिट दाखवतील. साखळी खाली होईल."

"सरकारच्या पाहुण्यांना परमिट विचारायचं म्हणता, कुलकर्णी?"

शेवटी गोष्ट जहागीरदारांपर्यंत गेली. आम्ही त्यांना सरकार म्हणत असू. ते जुन्या वळणाचे शिकारी. गाभण हरणीचं ऐकून त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

"परमिट नसेल तर कोणालाही सोडायचं नाही," ते म्हणाले. "कोणालाही."

मॅनेजरसाहेबांनी मान हलवली. मीही हलवली. आम्ही दोघांनी त्या शब्दाचा वेगवेगळा अर्थ घेतला, हे पुढं कळलं.

चर खणले. तिसऱ्या वाटेवर एका बाजूला दगडी खांब, दुसऱ्या बाजूला बाभळीचा नवा खांब, आणि मधे बैलाच्या नाड्यासारखी जाड साखळी. बाभळीच्या खांबाच्या कडीत तिचं टोक अडकवायचं. त्या जागी बिराप्पाला बसवला. बायको लक्ष्मव्वा त्याची भाकरी घेऊन यायची आणि तिथंच बाभळीखाली बसायची. दोघं कानडीत बोलत, हसत. साखळी बघून तिनं पहिल्या दिवशी विचारलं होतं, "हे कोनाच्या गळ्यात घालायचं हो सायेब?"

महिनाभर कोणी आलं नाही. कळप पुन्हा तळ्याकडं दिसू लागले.

मग गवत कापणीचे दिवस आले. वैरणीच्या गाड्या सकाळी ये-जा करत, म्हणून साखळी तेवढा वेळ खाली असायची. एका सकाळी बिराप्पा एका गाडीची फसलेली बैलं ओढून काढायला थोडा आत गेला, तेवढ्यात कापडी हुड मागं पाडलेली एक मोटार वाटेनं आत शिरली. त्यानं पाहिली, ओरडला, पण ती माळावर गेलीसुद्धा होती. तो मागं लागला नाही. परत आला, साखळी कडीत अडकवली आणि एका गाडीवानाला माझ्याकडं पिटाळलं. निरोप एवढाच होता, "मोटार आत हाय. भायेर जायला हीच वाट हाय."

निरोप मिळाला तेव्हा मला आनंद झाला. सापडले, असंच वाटलं. मी घोड्यावर निघालो.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. गाडीवानांनी सांगितलं, आणि नंतर खुद्द त्या मोटारवाल्यानंही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

मोटारीत तिघं होते. चालवणारा सोलापुरातल्या एका मोठ्या घरातला तरुण. सरकारांच्या जावयाचा मित्र. पूर्वी दोनदा पाहुणा म्हणून रानात येऊन गेलेला, त्यामुळं वाटा त्याला माहीत होत्या. मागच्या बाजूला तीन हरणं बांधलेली होती. त्यानं लांबूनच भोंगा वाजवला.

बिराप्पा बाभळीच्या खांबाला लागून उभा राहिला आणि त्यानं साखळी दोन्ही हातांनी वर उचलून धरली, म्हणजे दिसावी.

"परमिट दावा!" तो ओरडला.

"सरकारचे पाहुणे आहोत! साखळी सोड!"

"परमिट दावा, मंग सोडतो!"

मोटार हळू झाली नाही. तरुणाला वाटलं, हा शेवटच्या क्षणी सोडेल. बिराप्पाला वाटलं, हा शेवटच्या क्षणी थांबेल. साखळी तुटली नाही. दगडी खांबही हलला नाही. बाभळीचा खांब बुडापासून उपटला गेला आणि बिराप्पाच्या बरगड्यांवर बसला.

मी पोचलो तेव्हा मोटारीतली हरणं वाटेवर फेकलेली होती आणि त्यांच्या जागी बिराप्पाला निजवत होते. तो तरुण स्वतः त्याचं डोकं धरून होता. "दवाखान्यात नेतो, दवाखान्यात नेतो," एवढंच तो बोलत होता. मी घोडा सोडून मोटारीत बसलो. जाताना लक्ष्मव्वा वाटेत भेटली, डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन. तिला आम्ही गाडीत घेतलं. बिराप्पाच्या पायाशी बसली आणि त्याची पावलं पदरानं पुसू लागली.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "आत रक्तस्राव आहे," ते म्हणाले. "वरून दिसतं त्यापेक्षा जास्त."

बिराप्पा दोन दिवस जगला. शुद्धीवर होता. मला म्हणाला, "सायेब, मी सोडली न्हाय बगा."

"नाही सोडलीस."

"मोटार धरली न्हवं?"

"धरली."

"मंग झालं." थोड्या वेळानं म्हणाला, "लई जोरात आली वो. मला वाटलं थांबंल."

बिराप्पा गेल्यावर तो तरुण दवाखान्याच्या आवारात आला. दोन्ही दिवस तो बाहेरच बसून होता, हे मी सांगितलं पाहिजे. तो वाईट माणूस होता असं मला आजही म्हणता येत नाही. त्यानं लक्ष्मव्वासमोर हात जोडले.

"तुमच्या घरी खायला न्हवतं काय?" तिनं विचारलं.

"होतं."

"कातडं इकत हुता?"

"नाही."

"मंग हरनं कशाला पायजे हुती?"

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं. गुंडाप्पा फासे का लावतो, बायका गवत का चोरतात, हे तिला ठाऊक होतं. नवरा कशासाठी मेला, एवढं तिला समजून घ्यायचं होतं. तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "सायेब, तुमी तरी सांगा की." मी इतकी वर्षं शिकारखान्यात होतो. मलाही सांगता आलं नाही.

पुढची चौकशी चौकशीसारखी झालीच नाही. लागलं जहागिरीच्या हद्दीत, मेला इंग्रजी हद्दीत. इकडचे म्हणत तिकडं बघा, तिकडचे म्हणत इकडं बघा. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून विचारलं, "खांब किडका होता का?"

"नवा होता. मी उभा राहून रोवून घेतला होता."

"जमीन भुसभुशीत असेल."

"मुरूम आहे."

"कुलकर्णी, त्यानं सोडायला हवी होती. सरकारांचे पाहुणे होते."

"सरकार म्हणाले होते, कोणालाही सोडायचं नाही."

"कोणालाही म्हणजे पाहुणे सोडून कोणालाही," मॅनेजरसाहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना ते उघडच वाटत होतं. "हे सांगावं लागतं होय?"

मी सरकारांना भेटलो. ते म्हातारे झाले होते. जावयाचं नाव निघताच त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "त्याच्या बायकोला काय हवं ते विचारा."

मी विचारून आलो. लक्ष्मव्वानं जमीन मागितली नाही, नोकरी मागितली नाही. तिच्या मेंढरांना उन्हाळ्यात राखीव रानातल्या तळ्यावर पाणी मिळावं, एवढंच म्हणाली. सरकारांनी होकार दिला. तोंडी.

दोन उन्हाळे तिची मेंढरं तळ्यावर आली. तिसऱ्या वर्षी सरकार वारले. कारभार जावयाकडं गेला, आणि बिनपरवाना जनावरं तळ्यावर दिसली म्हणून तिची मेंढरं कोंडवाड्यात घातली गेली. मी सोडवून आणली, पण त्यानंतर ती आली नाही. मेंढरं घेऊन माहेरी, अक्कलकोटच्याही पलीकडं, कानडी मुलखात निघून गेली. जाताना माझ्या बायकोला भेटली. मला भेटली नाही.

मोटारी पुन्हा येऊ लागल्या. आता परमिट घेऊन. चर बुजवले गेले, कारण पाहुण्यांना वळसा पडत होता. मी आणखी काही वर्षं तिथं होतो. निघताना पहाटे माळावर नजर टाकली तर लांब दोनचार ठिपके दिसले. ती हरणं होती की कोणाची गुरं, हे मला ओळखता आलं नाही.

पुढं मी दुसऱ्या दोन संस्थानांत याच कामावर होतो. तिथंही फाटकं बसवावी लागली. मी फक्त एक गोष्ट बदलली. रखवालदाराची खोपी खांबापासून चांगली लांब घालायची, आणि त्याला पहिल्याच दिवशी सांगायचं, की मोटार थांबत नाही असं दिसलं तर साखळी टाकून बाजूला हो. फाटक मोडलं तर सुतार बोलावता येतो.