झुलाल गुरुजींच्या वर्गात केळी कोणी घेईना

जळगावच्या एका थंडगार सभागृहात पाच विद्याशाखा एकत्र बसल्या आणि त्यांनी चौथीच्या पोरांसाठी गणिताचा खेळ काढला. मानसशास्त्राने रंग ठरवले, संगणकशास्त्राने माकड नाचवलं, शिक्षणशास्त्राने उद्दिष्टं लिहिली, चित्रकलेने माकडाला टोपी घातली. पाचवी शाखा व्यवस्थापनाची, तिने चहा सांगितला. याला आंतरविद्याशाखीय काम म्हणतात.

पहूरजवळच्या आमच्या शाळेत हे सगळं बावीस वर्षं एकच माणूस करतो. झुलाल गुरुजी शिकवतात, मतदारयादी तपासतात, नळाची तोटी बदलतात, खिचडीचं मीठ चाखतात आणि गॅदरिंगला पोरांना मिशा काढून देतात. त्यांना आंतरविद्याशाखीय कोणी म्हणत नाही. "गुरुजी, जरा इकडे या," एवढंच म्हणतात.

दिवाळीनंतर खेळ भरलेले चार टॅब शाळेत आले. सोबत अट आली: महिन्याभरात वर्गाने पहिली पायरी ओलांडली नाही, तर टॅब परत. गुरुजींचा जीव त्या टॅबमध्ये अडकला होता. कापूस वेचणीच्या दिवसांत मोठ्या पोरी पटावर असतात, वर्गात नसतात. टॅब आल्यापासून मोहिनी आणि आणखी दोघी वेचणी सोडून शाळेत येऊ लागल्या होत्या.

पहिली पायरी सोपी होती. माकड केळी विकतं, पोराने तीन डझन विकत घ्यायची आणि किती झाली ते सांगायचं. पण अख्खा वर्ग 'नको' दाबी. माकड रडे, खेळ संपे. महिनाभर माकड रडत होतं आणि जळगावला अहवाल जात होता: 'वर्गात संख्याज्ञानाचा अभाव.'

खिचडी करणाऱ्या शेवंताबाईंनी तोडगा काढला. "गुरुजी, तुम्हीच दाबून टाका ना बटन. बाकी कागदं भरताच ना तुम्ही."

"कागद भरतो, अक्का. पोरांचं डोकं कसं भरू?"

शेवटच्या शनिवारी जळगावहून तपासणीला कामिनी मॅडम आल्या. मोहिनीने त्यांच्यासमोरच 'नको' दाबलं.

"का गं नको?"

"केळं इकत कोन घेतं, मॅडम?"

"भूक लागली तर?"

"मळ्यात जाईन."

"मळा दुसऱ्याचा असेल तर?"

"तरी काय? नेनाऱ्याले इचारतात. खानाऱ्याले कोनी पैसे मांगत नही."

"अगं, पण हा खेळ आहे."

"खेळात बी लाज वाटते ना."

मॅडमनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी खडू उचलला. "मोहिनी, केळी तुझी. गाडीत तीनशे घड भरले, एक घड पंधरा किलोचा. किती क्विंटल?"

मोहिनीने छताकडे पाहिलं. "पंचेचाळीस. दांड्याचं वजन धरून, का सोडून?"

मॅडमनी हातातला अहवाल चाळला. दांडा हा विषय पाचांपैकी कुठल्याच शाखेत नव्हता. त्यांनी अंगणात जाऊन जळगावला फोन लावला. पलीकडे बरीच विद्वत्ता एकाच वेळी बोलत असावी, कारण मॅडम अर्धा तास नुसतं "हो सर" म्हणत होत्या.

परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा ओशाळला होता. "गुरुजी, चूक खेळाची निघाली. आता केळ्याऐवजी सफरचंद टाकणार आहेत. नवा खेळ येईपर्यंत निकाल धरायचा नाही. टॅब तोवर इथेच राहू द्या."

"नवा खेळ कधीपर्यंत येईल?"

"समिती पुन्हा बसेल. सहा महिने तरी लागतील. माफ करा, तुम्हाला ताटकळत ठेवतोय."

गुरुजींनी मनातल्या मनात वेचणीचे दिवस मोजले आणि सहा महिन्यांतून वजा केले. बरेच उरत होते.

"छे छे," ते म्हणाले, "इतक्या विद्वान माणसांना घाई करू नका, मॅडम. चांगलं निवांत बसू द्या त्यांना."