फळा पुसायची घाई

माझा एक हात कायम खडूने पांढरा आणि दुसऱ्या हातात डस्टर. भिवंडी तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अठरा वर्षं मी अशीच उभी आहे. पोराने फळ्यावर चुकीचं लिहिलं रे लिहिलं, की मी पुसलंच! चुकीचं डोळ्यांसमोर राहिलं तर डोक्यात बसतं, शिवाय बाकीची पोरं फिदीफिदी हसतात, असं माझं ठाम मत. दया म्हणून पुसत होते हो मी.

चौथीतल्या एका मुलीचं उत्तर दिवाळीनंतर असंच पुसलं. तेव्हापासून ती फळ्याकडे फिरकेना आणि वर्गात तोंड उघडेना. तिचा बाप जवळच्या वडपे गावातल्या गोडाऊनमध्ये मालाची चढउतार करतो. एक दिवस तो शाळेत आला आणि सरळ म्हणाला, "बाई, पोरीच्या डोक्यात काय शिरत न्हाय. बायकोला पण गोडाऊनात काम लागतंय. आता ही घरी बसंल, भावाला सांभाळंल." भाऊ अडीच वर्षांचा. मी म्हटलं, "दादा, मी तीन आठवडे सरकारी दौऱ्यावर जपानला चाललेय, तिथल्या शाळा बघायला. मी येईपर्यंत तरी तिला काढू नका." तो "बरं" म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

जपानमधल्या त्या प्राथमिक शाळेत पाऊल ठेवलं आणि माझी बोलतीच बंद झाली, जे सहसा होत नाही. दारात बुटांचे खण, सगळ्या टाचा एका रेषेत, आणि त्यासाठी ओरडणारं कोणीच नाही. जेवणाच्या सुट्टीत सात-आठ वर्षांची पोरं पांढऱ्या टोप्या घालून एकमेकांना सूप वाढत होती. थेंब सांडत नव्हता. खिचडीच्या रांगेत मी रोज घसा फोडून घेते, ते आठवून मला हसू आलं, आणि खरं सांगते, थोडं रडूही.

पण माझे डोळे उघडले ते गणिताच्या तासाला. वर्गाच्या मागे अकरा शिक्षक वह्या घेऊन उभे होते. एका बाईंचा एक तास बघायला! आमच्याकडे मागे कोणी उभं राहिलं तर ते साहेब, आणि साहेब म्हणजे चुका काढायला आलेले. मला पाहुणी म्हणून फळ्याजवळच खुर्ची दिली होती. बाईंनी आकडे लिहून विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? पोरांच्या वह्या बघत त्या फिरल्या आणि चष्मा लावलेल्या एका मुलाला त्यांनी पुढे बोलावलं. त्याने फळ्यावर दोन पट्ट्या आखल्या आणि लिहिलं, एक चतुर्थांश मोठा.

अरे देवा, म्हटलं, आता हसतील सगळे याला. बाई वर्गाकडे वळल्या होत्या. जित्याची खोड ती! मी उठले, डस्टर घेतलं आणि पुसून टाकलं.

माझ्यासोबतच्या दुभाषी बाई मागून धावत माझ्या कानाशी आल्या. "इथे तास संपेपर्यंत फळा पुसत नाहीत. त्याचं उत्तर चुकलंय, म्हणूनच त्याला बोलावलंय." मी डस्टर खाली ठेवलं. तो मुलगा मोकळ्या फळ्याकडे बघत राहिला. मग पुढे आला, मला वाकून नमस्कार केला आणि त्याच पट्ट्या, तेच उत्तर पुन्हा लिहिलं. न लाजता! मग त्याने समजावलं. एक चतुर्थांश त्याने लांब पट्टीचा घेतला होता आणि एक तृतीयांश आखूड पट्टीचा. अर्धा तास सगळा वर्ग त्यावर भांडला, तेव्हा कुठे पोरांनीच शोधलं की आधी दोन्ही पट्ट्या सारख्या हव्यात. तासानंतर ते अकरा शिक्षक बसले आणि तासभर त्या एका चुकलेल्या उत्तरावर बोलले. माझ्या पराक्रमाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मी मात्र अठरा वर्षांत काय काय पुसलं असेल, तेच मोजत बसले.

परत आले तेव्हा हजेरीत ती चौथीतली मुलगी होती. बापाने शब्द पाळला होता. मी डस्टर टेबलाच्या खणात कोंबलं, फळ्यावर जपानमधला तोच प्रश्न लिहिला आणि तिला बोलावलं.

"बाई, चुकलं तर?"

"चुकलं तर पुसणार नाही. शप्पथ."

तिने लिहिलं, एक चतुर्थांश मोठा. पोरं हसायला लागली, मी डोळे वटारले. "का गं मोठा?"

ती खडूशी चाळा करत म्हणाली, "बाबा घरी असला का आमी चार जण. आई चार भाकऱ्या थापते, माझ्या ताटात अख्खी येते. बाबा ड्युटीवर असला का तिघंच. मग आई दोनच थापते. मला अख्खी येत न्हाय."

माझ्या डोळ्यांसमोर त्या मुलाच्या दोन पट्ट्या उभ्या राहिल्या: त्याची लांब नि आखूड पट्टी, हिच्या चार नि दोन भाकऱ्या. केवढी हुशार पोर, आणि मी तिचं पुसत होते!

तेवढ्यात दाराकडे लक्ष गेलं. बाप उभा होता, खांद्यावर धाकटा. पोरीला न्यायलाच आला होता तो. त्याने सगळं ऐकलं होतं.

"दोनच थापते?" त्याने तिला विचारलं. तिने मान डोलावली. त्याने फळ्यावरचं उत्तर बघितलं. त्याला वाचता येतं की नाही, मला माहीत नाही.

"बाई, हिला न्हाय नेत," तो म्हणाला. "सहा महिन्यांनी हा अंगणवाडीत जाईल. तोवर शिफ्टचं आमी दोघं बघून घेऊ." आणि जिना उतरता उतरता थांबला. "ते पुसू नका."

दुसऱ्या दिवशी ती घंटेच्या आधीच हजर. उत्तर तसंच फळ्यावर होतं. ती माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, काल राती बाबा ड्युटीवर होता. तरी आईने तीन थापल्या."