दादाचा ‘बॉस’

९ मार्च २०१३. तांदळाच्या पापडांचं पीठ उकडायचं होतं. दादाला जाऊन महिना उलटला... आणि त्याची बायको, माझी शीलावहिनी, माझ्या पापडांच्या शेडमध्ये पहिल्यांदा कामाला आली. बाकीच्या बाया आत बसलेल्या. ही दारातच थांबून मला म्हणते, ‘‘मालकीणबाई, चूल पेटवू का?’’ मला दादाचाच राग आला.

अर्जुनी मोरगावच्या ज्या राइस मिलमध्ये आमचे बाबा हमाल होते, तिथे ही रीतच होती. सकाळी एकानं पुढे होऊन ‘मालक, चालू करू का?’ विचारायचं, शेठ मान हलवणार, मगच मोटार सुरू. १९९९ साली बाबांनी हातापाया पडून दादाला तिथे चिकटवलं. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला दादा. पहिल्याच आठवड्यात विचारायची पाळी त्याच्यावर आली आणि तो म्हणाला, ‘‘बॉस, चालू करू का?’’ हमाल खो-खो हसले. शेठनी दुपारीच त्याला घरी धाडलं.

‘‘मालक म्हणायले तुह्या जिभेले काटे रुतते का बे?’’ बाबा ओरडले. दादा उलट आम्हाला शिकवायला बसला. बॉस हा मूळचा डच शब्द, ‘बास’. अमेरिकेत गुलाम धन्याला ‘मास्टर’ म्हणत. मजुरीवर राबणाऱ्या मोकळ्या माणसांना ते तोंडात नको होतं, म्हणून त्यांनी तिथल्या डच लोकांचा शब्द उचलला.

‘‘आन् डच भाषेत त्याचा अर्थ काय?’’ मी विचारलं.

‘‘मालकच.’’

‘‘मंग नोकरी काऊन घालवली?’’

‘‘त्यायनं तो आपल्या मनानं निवडला ना, सुमन.’’

पुढे जन्मभर शिकवण्या. पक्की नोकरी मिळाली असती, पण एकाही संस्थाचालकापुढे हा वाकला नाही. मागे वहिनीसाठी पुस्तकांचा ढीग तेवढा राहिला... तत्त्व त्याचं, उपास तिचे.

‘‘वहिनी, मले नावानं हाक मार,’’ मी म्हटलं.

‘‘घरी मारीन. इथं मी कामाले आली आहो. उद्या तू नाही म्हटलं तर मी कोठं जाऊ?’’

दादानं तिला शब्दाची जन्मकुंडली मांडून दाखवली असती. मला ते जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी पोचले. चूल पेटवली, आधण ठेवलं, पीठ चाळून घेतलं. ती आली तेव्हा विचारायला काही उरलंच नव्हतं. दारात क्षणभर घुटमळली, मग पदर खोचून पीठ घाटायला बसली.