तिच्या द्रव्याचा अभिषेक

ओठांवर एक आणि अंतःकरणात दुसरेच, अशी प्रार्थना मी कित्येक दिवस करीत होतो. आईवडिलांमागे माझ्याजवळच वाढलेल्या नातीला परदेशी उच्चशिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. तिला व्हिसा मिळावा, असे मी आसगावच्या महादेवापुढे रोज म्हणे; आणि म्हणतानाच ती गेल्यावरचे घर डोळ्यांपुढे उभे राही. पत्नी निवर्तल्यापासून माझ्या पूजेची फुले तीच वेचीत असे.

व्हिसाची अट अशी होती, की शुल्क व निर्वाहाची रक्कम खात्यात सलग अठ्ठावीस दिवस असावी; एकाही दिवसाच्या अखेरीस ती ठरलेल्या आकड्याखाली जाऊ नये. माझी निवृत्तीची पुंजी आणि तिच्या वडिलांच्या विम्याचे पैसे आम्हा दोघांच्या संयुक्त खात्यात ठेवले. आकड्याहून जेमतेम हजार रुपये अधिक होते.

सव्विसाव्या दिवशी मी तिच्यासाठी रुद्राभिषेक केला. ज्याच्यासाठी अनुष्ठान, त्याच्याच द्रव्यातून दक्षिणा द्यावी, असा आमच्या घरचा नेम. म्हणून पवनीच्या बँकेतून, त्याच खात्यातले अकराशे रुपये काढले. सायंकाळी तीर्थ देताना तिला सहज सांगितले.

“आबा, काहून काढले जी? शंभर रुपये कमी पडले! आता पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजा. तोवर प्रवेशाची मुदत संपते.” मग ती म्हणाली, “मले जाऊच द्यायचं नव्हतं ना तुमाले?”

मला नाही म्हणता आले नाही. चूक अजाणतेपणी घडली होती, हे खरे. परंतु पैसे कमी पडले हे ऐकून मनाचा एक कोपरा सुखावला होता, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या सकाळी काही उपाय निघतो का, हे विचारायला आम्ही बँकेत गेलो. बाकावर ती माझ्याकडे न पाहता बसली होती. तेव्हा प्रथमच ओठ आणि अंतःकरण एक झाले. देवा, तिला जाऊ दे; माझे काय ते तू पाहा.

खिडकीतल्या बाईंना मी दक्षिणेची सारी गोष्ट सांगितली. त्यांनी खात्याचा उतारा काढून पाहिला. “कायले घाबरून राहिले जी, आबाजी? कालच तिमाहीचं व्याज जमा झालं. दिवसअखेर शिल्लक वरच आहे. पण देवाले सांगा, आता दोन दिवस उधारीवर भागव म्हणा!”

नात हसता हसता रडू लागली. तिने माझा हात धरला.

व्याज ठरल्या तारखेला जमा होतच असते, हे मी जाणतो. तो दिवस नेमका तोच का, हे मी कुणाला विचारले नाही. मला मिळालेली कृपा त्याआधीच, त्या बाकावर मिळाली होती.

ती जाऊन आता सहा महिने झाले. संकल्प सोडताना देशकालाचा उच्चार करतो, तेव्हा भरतखंडापाशी जीभ अडखळते. तिचा देश आता निराळा. ती परत यावी, हे शब्द अजून ओठांशी येतात. मी ते तिथेच थांबवतो, आणि पळीतले पाणी सावकाश ताम्हनात सोडतो.