एकवीस नोव्हेंबरचा दिवा

आमच्या कॉलेजात जिन्याखाली एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहिण्याचं काम पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. माझं अक्षर बरं आहे, एवढंच त्याचं कारण. ग्रंथालयातल्या बाईंनी मला एक जाड वही दिली आहे. तिच्यात तारखेप्रमाणे सगळे राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय दिवस लिहिलेले आहेत. काही तारखा रिकाम्या असतात, तर काही तारखांवर दोन-तीन दिवस एकदम येऊन बसतात.

मला सुरुवातीला याचं फार नवल वाटायचं. आमच्या घरी दिवस ओळखायचा तो पुनव, अमावस्या, अष्टमी यांवरून, कारण भरती-ओहोटी त्यांवर चालते. जगाने शौचालयालासुद्धा एक दिवस दिला आहे, हे मी घरी सांगितलं तेव्हा काका हसत हसत खाली बसला आणि म्हणाला की त्या दिवशी सुट्टी घ्यायची की कामावर जायचं ते नीट विचारून ये. काका म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. बाबा आमच्या होडीचे तांडेल. होडी कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, परत कधी फिरायचं हे तांडेल ठरवतो आणि सुकाणूही त्याच्याच हातात असतं. काका आणि आणखी तिघे खलाशी बाबांबरोबर जायचे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच.

एकवीस नोव्हेंबरला वहीत दोन दिवस आहेत. जागतिक दूरदर्शन दिन आणि जागतिक मत्स्यव्यवसाय दिन. गेल्या वर्षीच्या त्या आठवड्यात सर वर्गात म्हणाले की यंदा आपण दूरदर्शन दिन साजरा करू, एक व्याख्यान ठेवू. मी हात वर केला. वर्गात स्वतःहून हात वर करण्याची माझी ती पहिलीच वेळ होती. मी अडखळत म्हणाले, सर, त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय दिनही असतो आणि आपल्याकडे निम्मी मुलं मासेमारी करणाऱ्या घरांतली आहेत. सरांना ते पटलं. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की एका अनुभवी तांडेलाचा सत्कार करायचा, संध्याकाळी मैदानात पडदा लावून माशांवरचा एक माहितीपट दाखवायचा, आणि तांडेल कोण ते मी सांगायचं.

मी बाबांचं नाव दिलं. मला त्यांचा सत्कार हवाच होता. माझ्या वर्गातल्या मुलींचे वडील शिक्षक आहेत, बँकेत आहेत. माझ्या बाबांनी कॉलेजच्या आवारात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. फी भरायलासुद्धा ते मला फाटकापाशी सोडून परत जायचे.

बाबा आधी नाही म्हणाले. त्या आठवड्यात बांगडा लागला होता आणि होडी एक दिवस किनाऱ्यावर ठेवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. मी रडले नाही, पण जेवलेही नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी तोडगा काढला. होडी काका नेईल आणि ते कार्यक्रमाला येतील. काकाने वीस वर्षं त्याच होडीत काढली होती, त्याला न येण्यासारखं काही नव्हतं. तो खुशीत होता.

"दादा, शाल गावली तर माका दी," तो म्हणाला. "हिवात जाळा ओढूक बरी पडात."

आई चुलीपाशी होती. भाकरी उलटताना ती आमच्याकडे न बघता म्हणाली, "होडी दर्यात आणि तांडेल खुर्चेर, असा मी कधी बघूक नाय."

आमच्या वाडीत तांडेल आजारी असेल तर होडी वाळूतच राहते. हा काही कुठे लिहिलेला नियम नाही, पण तो मोडलेला मीही कधी पाहिला नव्हता. मला आईचा राग आला. मला वाटलं, ही जुनी माणसं कशालाही घाबरतात.

एकवीस तारखेला पहाटे होडी गेली. एरवी बाबा पाण्यात उतरून पहिला धक्का देतात आणि मग उडी मारून आत चढतात. त्या दिवशी त्यांनी धक्का दिला आणि ते गुडघाभर पाण्यात तसेच उभे राहिले. इंजिनाचा आवाज ऐकू येईनासा झाला तरी ते बाहेर आले नाहीत. मी फळा लिहायला लवकर निघाले होते. मी वळून पाहिलं तेव्हाही ते तिथेच होते.

दुपारपर्यंत हवा चांगली होती. तीनच्या सुमारास उत्तरेकडून वारा सुटला. मैदानात पडदा बांधणाऱ्या मुलांच्या हातातून तो दोनदा सुटला आणि खालच्या दोऱ्यांना आम्ही चिऱ्याचे दगड बांधले. वाऱ्याकडे मी फक्त पडद्यापुरतं पाहिलं. मासेमारीच्या घरात वाढलेली मी, पण तेव्हा माझ्या डोक्यात खुर्च्या, हार, नारळ आणि सूत्रसंचालनाचा कागद एवढंच होतं. आमच्या होड्या चार वाजेपर्यंत परत येतात. आमचीही आली असेल, असं मी धरून चालले.

बाबा साडेपाचला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, ओले केस. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. खुर्च्या पडद्याकडे तोंड करून होत्या, म्हणजे समुद्र पाठीमागे. आमचं कॉलेज सड्यावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उंच कातळपठारावर आहे आणि मैदानाच्या टोकाला उभं राहिलं की खालचा सगळा किनारा दिसतो. बाबा बसल्याबसल्या दोनदा मागे वळले. मी विचारलं तेव्हा हळूच म्हणाले, "होडी इलली नाय अजून." मग माझा चेहरा बघून त्यांनीच सांगितलं की काका जास्त बांगड्याच्या मागे लागला असेल, येईल. बाबा असते तर वारा सुटल्या सुटल्या त्यांनी होडी फिरवली असती. हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला ते नंतर कळलं.

सत्कार झाला. सरांनी शाल घातली, हातात नारळ दिला. बाबांना चार शब्द बोलायला सांगितलं तर त्यांनी हात जोडले आणि ते व्यासपीठावरून खाली उतरले. टाळ्या वाजल्या. मला इतकं भरून आलं की पुढचं वाक्य कागदावर सापडेना.

मग माहितीपट सुरू झाला आणि पडद्यावर काहीच दिसेना. मैदानाच्या कडेला पाण्याची टाकी आहे. तिच्यावरचा पिवळा दिवा शिपायाने अंधार पडताच लावला होता आणि त्याचा उजेड थेट पडद्यावर येत होता. मुलं ओरडायला लागली. सर माझ्याकडे बघायला लागले. मी शिपाईकाकांकडे धावले आणि तो दिवा बंद करा म्हणाले.

ते बटणापाशी गेले, पण त्यांचा हात थांबला. "बाय, हो दिवो आमी बंद करीत नाय," ते म्हणाले. "आदल्या शिपायान माका सांगून ठेवलेला."

का, ते त्यांना माहीत नव्हतं. ते फोंडाघाटाकडचे, समुद्राशी त्यांचा फारसा संबंध नाही. मीही विचारलं नाही. पंधराच मिनिटं, असं म्हणत मी स्वतः बटण दाबलं. पडद्यावर निळं पाणी आणि चंदेरी मासे स्पष्ट दिसायला लागले आणि मुलं शांत झाली.

आमच्या बंदरात शिरायच्या वाटेवर दोन्ही बाजूंना खडक आहेत. भरतीला ते पाण्याखाली जातात. त्यांच्यामधली वाट दोन होड्या जेमतेम जातील एवढीच आहे. दिवसा माड आणि देवळाचा कळस बघून आत घेतात, हे मला माहीत होतं. अंधारात काय बघतात, हे मी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. मुली होडीत चढत नाहीत, त्यामुळे विचारायची वेळच आली नाही. अंधारात दोन दिवे बघतात. एक खाली किनाऱ्यावरच्या चर्चच्या क्रुसावरचा निळा, आणि दुसरा त्याच्या वर, सड्यावरचा पिवळा. वरचा बरोबर खालच्याच्या डोक्यावर आला की होडी वाटेत आहे. वरचा डावीकडे किंवा उजवीकडे सरकला की होडी खडकावर जात आहे. तो पिवळा दिवा म्हणजे आमच्या कॉलेजच्या टाकीवरचा दिवा. मी रोज त्याच्या खालून जायचे. तो आमच्या घराच्या कामाचा असेल, हे माझ्या मनात कधी आलं नाही. कॉलेज वेगळं आणि समुद्र वेगळा, असंच मी समजत होते.

बाबा तिसऱ्यांदा मागे वळले ते समुद्र बघायला. वळताना त्यांना टाकी दिसली. ते उभे राहिले. मागच्या मुलांनी खाली बसा म्हणून आवाज दिला. ते सरळ माझ्याकडे आले.

"वरचो दिवो कोणी बंद केलो?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी म्हणाले, मी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि बटण दाबून ते उताराने खाली धावले. अंगावर शाल, हातात नारळ. मी मागे धावले. पाठीमागे पडद्यावरचे मासे पुन्हा पुसट झाले आणि मुलं पुन्हा ओरडायला लागली.

आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा आई तिथे आधीच होती. पाण्यावर काही दिसत नव्हतं. लाटा खडकावर फुटल्याचा आवाज येत होता आणि त्यात इंजिनाचा आवाज आहे की नाही ते कळत नव्हतं. बाबा पहाटेच्याच जागी पाण्यात उभे राहिले. त्यांनी एकदा वर सड्याकडे पाहिलं, दिवा आहे याची खात्री केली आणि पुन्हा समोर पाहायला लागले. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. मी मनात एकच गोष्ट घोकत होते, की मी पंधरा मिनिटं म्हणाले होते, आणि पंधरा झाली नव्हती.

होडी आली ती एका बाजूला कलून. पुढची एक फळी फुटली होती आणि दोघे डब्यांनी पाणी उपसत होते. चौघेही होते. काकाचा उजवा हात पंच्यात गुंडाळलेला होता आणि पंचा लाल झाला होता. होडी खडकाला घासली तेव्हा तिला ढकलायला त्याने हात बाहेर काढला आणि तो मध्ये सापडला.

वाळूत बसल्यावर काका पहिल्यांदा तेच बोलला. "दादा, खालचो दिसत होतो. वरचो खंय गेलो?"

बाबांनी शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली. "लाइट गेली हुती कॉलेजची," ते म्हणाले.

मग ते पाण्यात गेले आणि सत्काराचा नारळ त्यांनी समुद्रात सोडला.

खरं सांगायची ती वेळ होती. मी तोंड उघडलं नाही. पुढेही नाही. काकाला दवाखान्यात नेलं, टाके पडले, हात महिनाभर गळ्यात राहिला. त्याची दोन बोटं आता वळत नाहीत. होडी दुरुस्त झाली. तो मधूनमधून वीज मंडळाला शिव्या द्यायचा आणि मी ताट उचलून आत जायचे. बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला कितीतरी वेळा वाटलं.

या वर्षी सरांनी पुन्हा विचारलं. गेल्या वर्षी तुझ्या काकांना अपघात झाला ना, मग यंदा त्यांचा सत्कार करूया, त्यांना घेऊन ये. मी काकाकडे गेले. तो मागल्या दारी जाळं शिवत होता, सुई डाव्या हातात धरून. मी निरोप सांगितला नाही. मी उभ्याउभ्या म्हणाले, काका, तो दिवा मी बंद केला होता.

त्याने गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

"म्हायत आसा," तो म्हणाला. "लाइट गेली आसती तर चर्चीचो पण गेलो आसतो. एकाच तारेर आसत दोनय." मग जाळं पुढे ओढून, "दादान सांगल्यान तसा मी ऐकलंय. तुकाच कधीतरी बोलूक होया म्हणान."

मी सरांचा निरोप सांगितला. त्याने नकारार्थी मान हलवली. तारीख विचारली आणि म्हणाला की त्या दिवशी तो बाबांबरोबर होडीवर जाणार आहे. "तू दिवो बघ. शाल नको माका."

आज एकवीस नोव्हेंबर आहे. सकाळी मी फळ्यावर दोन्ही दिवस लिहिले. काका येणार नाही म्हटल्यावर सरांनी दूरदर्शन दिनाचं व्याख्यान ठेवलं आहे आणि ते हॉलमध्ये चालू आहे. मी टाकीखाली, बटणापाशी वही घेऊन बसले आहे. शिपाईकाका दोनदा येऊन गेले, म्हणाले, जा तू आत, मी आहे. मी गेले नाही. हा दिवा बंद करू नये, असं बटणाच्या वर मी महिन्यापूर्वीच लाल रंगाने लिहून ठेवलं आहे, तरीही.

बाबा आणि काका दोघेही होडीवर गेले आहेत. बाकीच्या होड्या आल्या. वारा दुपारपासून उत्तरेचाच आहे आणि हॉलच्या खिडक्या आपटायला लागल्या आहेत. खाली चर्चचा निळा दिवा लागला आहे. हा पिवळा माझ्या डोक्यावर जळतो आहे आणि त्याच्याभोवती किडे जमले आहेत. आमची होडी अजून दिसत नाही.