कराच्या हद्दीतल्या बाई

राज्य सरकारची तिजोरी आजवर कुणा एकाच माणसाच्या जिवावर चालली असेल, तर ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या. निदान बाईंची तरी तशी पक्की समजूत होती, आणि बाईंची एखादी समजूत पक्की झाली की ती बदलायची हिंमत आख्ख्या इंदिरानगरात कुणाची नव्हती. देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. त्यामुळे भाजीवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणायचे. मीही म्हणायचे, पण मी त्यांची विद्यार्थिनी कधीच नव्हते. त्यांची शाळा कॅम्पात, माझं ऑफिस कॅम्पात, आणि त्यांच्याकडे मेंदी रंगाची एक मोपेड, एवढ्यावर आमचं नातं उभं होतं. बाई निवृत्त होईपर्यंतची अकरा वर्षं मी त्यांच्या मागे बसून नोकरीला गेले. आता त्या पुण्याला मुलाकडे असतात. पेट्रोल वाढल्याची बातमी आली की बाकीचे लोक सरकारला शिव्या घालतात. मला बाईंची आठवण येते आणि जरा करमेनासं होतं.

दर सोमवारी सकाळी आमची स्वारी पेट्रोल पंपावर थांबायची. पंपावरचा माणूस सवयीने विचारायचा, साधं टाकू की पॉवर? बाई तितक्याच शांतपणे म्हणायच्या, ज्यात कर कमी असेल ते टाका. पहिल्या वेळी तो बिचारा आत जाऊन मालकाला विचारून आला होता. बाईंचं म्हणणं असं, की आपण पंपावर पेट्रोल घ्यायला येतच नाही. आपण कर विकत घेतो आणि तो टाकीत ओतता यावा म्हणून त्यात थोडं पेट्रोल कालवलेलं असतं. हे त्या चिडून सांगत नसत. वर्गात समास सोडवून दाखवावा तशा सांगत. मागे रांग लागायची, लोक हॉर्न वाजवायचे, आणि मी पदराने तोंड पुसल्यासारखं करून ओळख लपवायची.

याच विचारातून त्यांनी इंदिरानगर ते कॅम्प या रस्त्याची फाळणी करून टाकली होती. आपण दिलेल्या पैशांत पेट्रोलचा वाटा जेवढा, तेवढा रस्ता पेट्रोलवर कापायचा आणि उरलेला करावर, असा साधा हिशेब. मी पहिल्यांदा मागे बसले त्या दिवशी वडनेरच्या थोडं पुढे एका कडुलिंबापाशी गाडी हळू करून त्या म्हणाल्या, इथवर पेट्रोल, इथून पुढे कर. मला वाटलं, पुढे टोलनाका असणार. मी पर्समध्ये सुटे पैसे शोधायला लागले, तर बाई इतक्या हसल्या की गाडी बंद पडली. पुढे माझ्याही अंगवळणी पडलं. कर वाढला की हद्द मागे सरकायची. कडुलिंबापासून ती वीटभट्टीपर्यंत आली, वीटभट्टीवरून वडनेरच्या अलीकडे. ज्या वर्षी दुष्काळाचा म्हणून अधिभार बसला, त्या वर्षी तर पाथर्डी गाव ओलांडायच्या आतच आम्ही कराच्या हद्दीत शिरायला लागलो. पुढे पाऊस झाला, धरणं भरली, अधिभार मात्र जागचा हलला नाही. "पाहुणा गेला," बाई म्हणाल्या, "पण त्याची वळकटी आपल्याकडेच राहिली." एकदा कधी नव्हे तो कर थोडा उतरला आणि हद्द चार विजेचे खांब पुढे गेली. बाईंनी तिथेच गाडी उभी करून मला उसाचा रस पाजला. दोन ग्लास.

रस्त्याशी तर त्यांचं घरच्यासारखं होतं. गाडी घेताना शोरूममधल्या माणसाने त्यांना सांगितलं होतं की हा आजीवन कर, एकदाच भरायचा. वाचनालयाच्या आजीव सभासद असलेल्या बाईंनी त्याचा सरळ अर्थ लावला, की आपण आता महाराष्ट्रातल्या रस्त्यांच्या आजीव सभासद झालो. वाचनालयात फाटकं पुस्तक दिसलं की त्या घरी आणून चिकटवत. त्याच न्यायाने डिकीत विटांचे तुकडे ठेवत आणि खड्डा दिसला की उतरून त्यात घालत. मी ऑफिसला उशीर होतोय म्हणून कुरकुरले तर म्हणायच्या, सभासदाने एवढं तरी करायला नको का? एकदा पाथर्डी फाट्यावर रिक्षावाल्याने आम्हाला कट मारला आणि वर, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का, असंही विचारलं. बाईंनी त्याला थांबवून नीट समजावलं की बापाचा नाही, माझा स्वतःचा आहे, पावती घरी आहे. तो इतका गोंधळला की त्याने आम्हाला आधी जाऊ दिलं.

पण त्यांचा कळस म्हणजे पेठची मोहीम. पेठच्या पुढे हद्द ओलांडली की गुजरातेत पेट्रोल स्वस्त, हे बाईंना शाळेच्या शिपायाने सांगितलं आणि पुढच्याच दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून त्या मोपेडवर निघालो. सावळ घाटात गाडीने तीनदा दम घेतला. चढावर मी उतरून मागून चालायची आणि बाई वर थांबून माझी वाट बघायच्या. पलीकडे पोचून टाकी गच्च भरली, बाईंनी पावती दोनदा वाचली, आणि नाशिकला परत येईपर्यंत टाकीतलं बरंचसं पेट्रोल संपलंही होतं. येताना पेठला चहाला थांबलो. टपरीवाल्याने सगळी हकीगत ऐकून घेतली आणि म्हणाला, "आमचं बरं हाय, आमाला हद जवळ. तुमाला नाशिकहून लय लांब पडलं बाई. मग परवडलं का?"

बाई म्हणाल्या, नाही परवडलं, पण बघून आले. त्या वेळी मात्र मला राहवलं नाही. मी विचारलं, की बाई, शेवटी सगळा कर तुम्ही भरताच, एक दिवस उशीर करत नाही, मग ही एवढी कटकट कशासाठी? त्यांनी बशीतला चहा संपवला आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या वडिलांविषयी सांगितलं. वडील कॅम्पातल्या बंगल्यांवर माळीकाम करायचे. भगूरहून रोज पायी यायचे. घर भाड्याचं, हातातली हत्यारं बंगल्याची. त्यांच्या नावावर म्हणून काही नव्हतं. "या गाडीच्या आरसी बुकात आमच्या घरातल्या माणसाच्या नावाआधी पहिल्यांदा मालक हा शब्द आला," बाई म्हणाल्या. "वेतन आयोगाच्या फरकातून घेतलीय मी ती. मागतील तेवढा कर भरीन. पण किती, कशाचा, हे विचारीन. ज्याच्या नावावर काही नाही, त्याला विचारताही येत नाही गं." त्या दिवसानंतर पंपावर मी तोंड लपवणं सोडून दिलं.

त्या आरसी बुकाला बाईंनी खाकी कव्हर घातलं होतं आणि वर शाळेतल्या अक्षरात नाव, पत्ता, विषय असं लिहिलं होतं. विषयापुढे 'मोपेड'. ते ठेवायचं कपाटात, घरच्या बुद्धमूर्तीच्या खालच्या खणात, बाईंच्या डी.एड.च्या प्रमाणपत्राशेजारी. पंधरा वर्षं झाली तेव्हा नोंदणी संपल्याचं कळलं, आणि बाईंना खरा धक्का बसला तो फीचा नव्हता, शब्दाचा होता. पेठ रोडवरच्या आरटीओत जाऊन त्यांनी खिडकीतल्या साहेबांना विचारलं, की आजीवन म्हणजे पंधरा वर्षं, हे कोणत्या शब्दकोशात आहे? साहेब मोठे सभ्य होते. म्हणाले, बाई, यातलं जीवन तुमचं नाही, गाडीचं आहे. बाईंनी नूतनीकरणाचे पैसे भरले, पर्यावरण कर भरला, आणि घरी येऊन वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की या कराला यापुढे 'पंधरावार्षिक' म्हणावं. पत्र छापून आलं, पण शीर्षकात 'आजीवन'चं 'अजीवन' झालं होतं. बाईंनी लाल पेन उघडलं, थोडा विचार केला आणि पुन्हा बंद केलं. म्हणाल्या, राहू दे, हेच जास्त बरोबर आहे.

त्या नूतनीकरणाची पाच वर्षं गेल्या हिवाळ्यात संपली. मधल्या काळात बाई सत्तरीकडे झुकल्या होत्या, मोपेड विशीत आली होती, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी एवढी वाढली होती की मुलाने पुण्याहून फोन करून सांगितलं, आई, भंगारवाला जेवढे देतोय त्यापेक्षा फी जास्त आहे, देऊन टाक. तोही चुकीचं बोलत नव्हता. बाईंनी मला हाक मारून वर बोलावलं, माझ्या मोबाइलवर फीचा आकडा तीनदा वाचायला लावला, आणि प्रत्येक वेळी, मोठ्याने वाच, असं सांगितलं. मला वाटलं, चिडल्यात. मीही म्हटलं की बाई, खरंच विचार करा. गाडी मोडीत काढली की नंबर रद्द होणार, पुस्तक जमा होणार, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्या एवढंच म्हणाल्या, की फी भर आणि तपासणीची तारीख घे.

तपासणीच्या दिवशी सकाळी बाई इस्त्रीची साडी नेसून, कागदांची फाइल छातीशी धरून खाली आल्या आणि किल्ली माझ्यापुढे केली. म्हणाल्या, आज तू चालव, मला कागद सांभाळायचेत. माझं लायसन्स त्यांनीच, याच गाडीवर, माझ्या मागे लागून काढून घेतलं होतं. पण त्यानंतर मी कधी पुढे बसले नव्हते. बसायची वेळच आली नव्हती. पंचवटीतल्या गर्दीतून पेठ रोडला पोचेपर्यंत माझा जीव मुठीत होता आणि मागून बाई एक शब्द बोलल्या नाहीत, हेही मला नंतर आठवलं.

इन्स्पेक्टर तरुण होता. त्याने चासी नंबर ताडून पाहिला, दिवे, हॉर्न, ब्रेक बघितले, गाडी सुरू करून कान दिला. मग बाईंना म्हणाला, "मावशी, विशीतल्या गाड्या इथं ढकलत आणतात. ही तर ठणठणीत आहे. कोण निगा राखतं?" बाईंनी नुसतं, मालक, एवढंच उत्तर दिलं. त्याने पास केल्याचं सांगितलं आणि पुढच्या गाडीकडे वळला. मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, बाई, आलोच आहोत तर तुमच्या लायसन्सचंही बघून टाकू, त्याचीही मुदत संपत आलीय ना?

बाई झाडाखालच्या बाकावर बसल्या. फाइल मांडीवर ठेवली आणि तिची नाडी नीट बांधली.

"लायसन्स नाही करायचं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर सही देणार नाहीत. डोळ्यांचा पडदा गेलाय. महिना झाला सांगून. मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं दिसतं."

महिनाभर जिन्यात भेटत होतो, महिनाभर त्या फीवर बोलत होत्या, आणि मी त्यांना चिक्कू म्हणून मनातल्या मनात हसत होते. तो आकडा तीनदा का वाचायला लावला, ते आत्ता कळलं. त्यांना तो दिसतच नव्हता. मी शेवटी विचारलं, की मग बाई, एवढे पैसे कशाला भरले? चालवणार कोण?

"अगं, डोळे माझे गेलेत," बाई म्हणाल्या. "तिचं काय बिघडलंय? माझ्यापायी तिला कशाला मोडीत घालायची?"

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, की त्यात रडण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत असल्याचं दिसलं नाही. मग किल्लीकडे बोट करून म्हणाल्या की पुण्याला नेता येणार नाही, मुलाकडे पार्किंग एकच आहे. तुला तसंही बसची वाट बघायला कंटाळा येतो. नाव मात्र मी आहे तोवर माझंच राहू दे, कर आला की मला कळव, मी भरीन.

परत निघालो. जाताना भीतीपोटी मला काही जाणवलं नव्हतं. आता गाडी हाताखाली जरा स्थिरावली आणि मागे कुणी बसलंय की नाही, अशी शंका यायला लागली. अकरा वर्षं मी या बाईच्या पाठीला धरून गेले. वाऱ्यात, उन्हात, ऑफिसातल्या रडारडीनंतर तिच्या खांद्यावर डोकं टेकून परत आले. ती एवढी हलकी असेल, हे मला कधी कळलंच नव्हतं. सिग्नलला थांबले तर समोरचं सगळं धूसर झालं. चष्मा काढून पुसायला हवा होता, पण दोन्ही हात ब्रेकवर होते. किती वेळ तशीच उभी राहिले, मला माहीत नाही.

माझ्या खांद्यावर बाईंचा हात होता. तो त्यांनी हलकेच दाबला.

"मागचे हॉर्न वाजवतायत गं," बाई म्हणाल्या. "सुटला असेल सिग्नल. बघ, आणि चल."